न्हाणीचं मागचं दार

माथेरानच्या एका जुन्या हॉटेलात न्हाणीला दोन दारं होती. एक खोलीतून येणारं, उंच, पॉलिश केलेलं. दुसरं समोरच्या भिंतीत, बुटकं, मागच्या वाटेवर उघडणारं, आता खिळे ठोकून बंद केलेलं. ते पाहिल्यापासून अशा इमारतीत गेलं की मी आधी मागे जाते.

दर्शनी बाजू देखणीच असते. जांभ्याचं जोतं, रुंद व्हरांडा, मंगळुरी कौलांची उतरती छपरं, लांब हातांच्या वेताच्या आरामखुर्च्या. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये हा डोंगर चढला, साहेबांचे बंगले उठले, १९०७ मध्ये पीरभॉयांच्या पैशातून नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर आली. हॉटेलं त्या बंगल्यांच्याच घाटणीची. नळ नव्हते तेव्हा पखालवाला भिस्ती आणि कमोडचं भांडं उचलणारा माणूस त्या बुटक्या दाराने यायचे-जायचे. पुढे चहा घेणाऱ्याच्या नजरेला ते पडू नयेत, ही सोय गवंडी यायच्या आधीच कागदावर झालेली होती. कठड्याच्या नक्षीइतकंच हे दारही वास्तुकलेत मोडतं, असं मला वाटतं.

कुणी कुठल्या दाराने यायचं हे इमारत ठरवते, तसं कुणाला दारच नाही हेही ठरतं. बडोद्याला पारशांची एक धर्मशाळा होती. दुमजली. खाली राखणदाराचं बिऱ्हाड. वर एक लहानशी झोपायची खोली, तिला लागून नळ असलेली छोटी न्हाणी, आणि बाकी सगळा एक मोठा हॉल. हॉलमध्ये फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्या रचलेल्या. वीज नाही. १९१७ मध्ये अमेरिका-इंग्लंडात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर तिथे उतरले, कारण अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात दुसरं कुठलं दार उघडलं नाही. रोजचा दीड रुपया ठरला आणि वहीत पारशी नाव लिहिलं गेलं. राखणदार वर यायचा तो चहा आणि जेवण घेऊन, तेवढाच माणसाचा आवाज. रात्री एक कंदील, पुस्तक, आणि हॉलमध्ये घर केलेली वटवाघळं वाचता वाचता लक्ष उडवणारी. त्यांनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींत हे सगळं आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले.

मी तो मजला कितीदा तरी कागदावर काढून पाहिला आहे. खोली कुठल्या कोपऱ्यात असेल? जिना हॉलमध्ये निघत असेल का? कंदिलाचा उजेड त्या बाकांपर्यंत पोचत असेल का? एवढ्या मोठ्या, रिकाम्या मजल्यावर एका माणसाला जागा उरली नाही, याचा राग अजून येतो.

सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडलेला, सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव आपल्याला पाणवठ्यांसाठी आठवतो. सरकारी पैशाने बांधलेल्या धर्मशाळा त्यातच होत्या, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. पाण्याइतकीच रात्रीच्या छपराचीही काळजी कुणाला तरी होती, हे मला फार मोलाचं वाटतं. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी बाबासाहेब महाडला आले तेव्हा मुक्काम सरकारी डाक बंगल्यात होता. गावात मारहाण सुरू झाल्यावर चिडलेली माणसं त्याच बंगल्यात जमली, बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत. त्यांनी सगळ्यांना शांत राहायला सांगितलं.