मसुरीच्या दाण्याएवढा पुरावा

इजिप्तमधील पिरॅमिडचे चित्र तुम्ही पाहिलेच असेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो नावाचा ग्रीक भूगोलतज्ज्ञ तेथे गेला होता. पिरॅमिडसमोरच्या दगडांच्या ढिगाऱ्यात त्याला मसुरीच्या दाण्यांसारखे खडे दिसले. मजुरांचे उरलेले अन्न दगड झाले, असे लोक सांगत. स्ट्रॅबोने ते लिहून ठेवले.

खरे तर ती समुद्री जीवांची कवचे होती. चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. या जीवांची कवचे तळाशी साचत गेली आणि त्यांचा चुनखडीचा दगड बनला. त्याच दगडाचे पिरॅमिड झाले! या जीवांना नम्युलाइट म्हणतात. त्याचा अर्थ छोटे नाणे. नवल असे, की या जीवाचे सारे शरीर म्हणजे एकच पेशी!

अशा कवचधारी एकपेशीय जीवांच्या गटाला फोरामिनिफेरा म्हणतात. आजही ते समुद्रात आढळतात. बहुतेक तर वाळूच्या कणाएवढेच असतात. 1826 साली फ्रान्सच्या आल्सीद दॉर्बिन्यी याने या गटाला नाव दिले आणि त्याचे वर्गीकरण केले. कवचातील कप्पे पाहून त्याला वाटले, की हे माखलीचे भाऊबंद असावेत. पुढे 1835 मध्ये फेलिक्स द्युजार्दां याने जिवंत जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ना डोके, ना पोट! नुसता मऊ, चिकट पदार्थ आणि त्यातून निघणारे बारीक धागे. माखलीशी जोडलेले नाते तुटले, पण दॉर्बिन्यीने दिलेले नाव टिकले. त्याने केलेली वर्णनेही कामी आली. त्याचा अंदाज चुकला होता. पण त्याने डोळ्यांनी जे पाहिले, ते नीट लिहिले होते.

हे वर्णन कसे करतात? कवच चुन्याचे, की वाळूचे कण चिकटवून बनलेले? कप्पे किती? ते सरळ रांगेत, की गोगलगाईच्या शंखासारखे वळत गेलेले? तोंड कोठे? एकेक गोष्ट मोजून लिहितात. ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे कोणालाही तो पाहून खात्री करता यावी, हा हेतू.

यात एवढे काय, असे तुम्ही विचाराल. यांतील अनेक जाती ठरावीक काळातच होऊन गेल्या. म्हणून कवच ओळखले, की खडकाचे वय कळते. तेलविहीर खोदताना वर येणाऱ्या दगडाच्या चुऱ्यात हीच कवचे शोधतात. ओळख चुकली, तर खडकाचे वय चुकते आणि पुढचा हिशोबही चुकतो.

मला या कामातला प्रामाणिकपणा फार आवडतो. तुम्हीही एखादा शिंपला हातात घ्या आणि त्याचे मराठीत पाच वाक्यांत वर्णन करा. मोठे शब्द नकोत. ज्याने तो शिंपला पाहिलेला नाही, त्याला तो दहा शिंपल्यांतून ओळखता आला, तर तुमचे वर्णन साधले असे समजा.