घरच्या भेटकार्डा, साधंच राहा

प्रिय भेटकार्डा,



जानेवारी उजाडला की दुकानांत तिळगुळाच्या वड्या आणि हलव्याचे दागिने मांडले जातात, पण तुझी आठवण काढणारी घरं आता थोडी उरली आहेत. एके काळी संक्रांतीच्या आठवड्यात पोस्टमनच्या पिशवीत तळहाताएवढी भेटकार्डं हमखास असायची. आत तिळगुळाचा निरोप आणि पाकिटाच्या तळाशी हलव्याचे चार दाणे. कितीतरी घरांत तू घरीच तयार व्हायचंस, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलेल्या हातांनी. हल्ली शुभेच्छा पहाटेच फोनवर येऊन पडतात आणि दुपारपर्यंत आणखी दहा जणांकडे ढकलल्या जातात. म्हणून तुला हे पत्र. माझ्या दोनच मागण्या आहेत. साधं राहा, आणि घराबाहेर पड.

साधं राहा, हे कळकळीने सांगते. तुला सजवायला बाजारात काय काय आलंय! चमकी, चिकटवायचे मोती, नक्षी कापून देणारी पंचिंग यंत्रं. ज्यांना त्यात रस आहे त्यांनी जरूर वापरावं. पण हा थाट बघून साधी माणसं मागे सरतात. 'माझा हात चांगला नाही, मला नाही जमायचं,' म्हणतात. ज्याला चित्र काढता येत नाही, त्यालाही जमावं म्हणून तर तू आहेस.

तुझं सगळ्यांत देखणं रूप मला संक्रांतीच्या काळ्या रंगात दिसतं. काळी कार्डशीट घ्यायची आणि ए-फोर आकाराचा तुकडा मधोमध कापायचा. उरलेल्या अर्ध्याची, म्हणजे २१० गुणिले १४८ मिलिमीटरची, मध्ये घडी घालायची. त्याआधी कागद दोन्ही बाजूंनी हलकाच वाकवून बघावा. कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने असतात. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या बाजूने घडी सरळ बसते; आडव्या बाजूने घातली तर ती फुटते, तिच्या कडेला पांढुरके तंतू दिसू लागतात. तुझी घडी सहज वाकणाऱ्या दिशेला येईल असा तुकडा कापला की निम्मं काम झालं. मग पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढायची, त्या रेघेवर घडी मोडायची आणि चमच्याच्या पाठीने घासून घ्यायची.

आता वरची नक्षी. आगपेटीच्या काडीचं मागचं टोक पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये बुडवायचं आणि काळ्या कागदावर टेकवत जायचं. पहिला ठिपका टपोरा उमटतो, दुसरा त्याहून लहान, तिसरा जेमतेम तिळाएवढा. पुन्हा बुडवायचं, पुन्हा टेकवायचं. थोड्या वेळात तुझ्या अंगावर चंद्रकळा चढलेली असते. ठिपके सारखे येत नाहीत, येऊही नयेत. हलव्याचे दाणे तरी कुठे एकसारखे असतात? आत पांढरा कागद चिकटवायचा, चहूबाजूंनी बोटभर काळी कड सोडून, आणि त्यावर मजकूर लिहायचा.

मजकुराबाबत मात्र मी हट्टी आहे. दोनच ओळी असाव्यात, पण त्या दुसऱ्या कुणाला पाठवता येऊ नयेत. 'मावशी, यंदा गुळपोळी फुटली नाही, तू सांगितलंस तसं गुळात बेसन भाजून घातलं होतं.' हे वाचून मावशीला कळतं की वर्षभरापूर्वीचं तिचं बोलणं कुणीतरी लक्षात ठेवलंय. चार कडव्यांच्या छापील कवितेला हे साधत नाही.

छापील कार्डाशी माझं वैर नाही, पण त्याचा जन्म कसा झाला ते तुला माहीत असावं. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पाठवायची सोय झाली आणि घरोघरी पत्रांचा पूर आला. ती योजना उभी करण्यात ज्यांचा हातभार होता, त्या हेन्री कोल यांनाच नाताळात सगळ्यांना उत्तरं लिहिणं आवरेना. म्हणून १८४३ मध्ये त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि कार्ड छापून घेतलं. कुणाला आणि कुणाकडून, एवढी जागा कोरी ठेवली. छापील कार्ड आलं ते वेळ वाचवण्यासाठी. तू वेळ देण्यासाठी आहेस. ठिपके टेकवताना तो अर्धा तास ज्याच्या विचारात जातो, त्याचं नाव त्या पाकिटावर असतं.

पाकीट! त्याच्याकडे दुर्लक्ष होतं म्हणून सांगते, तेही घरीच व्हावं. ए-फोर कागदाचा २१० मिलिमीटरचा चौरस कापायचा. तुला त्यावर तिरकं, चौरसाची टोकं वर-खाली आणि डावी-उजवीकडे येतील असं ठेवायचं. दोन्ही बाजूंची टोकं आत मोडायची, खालचं टोक त्यांच्यावर आणायचं आणि चिकटवायचं. चित्रांच्या जुन्या दिनदर्शिकेचं पान घेतलं तर कोरी पाठ बाहेर येते आणि पाकिटाला आतून आयतं अस्तर मिळतं. चिकटवायला मैद्याची खळ पुरते. एक चमचा मैदा पाच-सहा चमचे पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर ढवळायचा. खळ पातळ हाताने लावायची आणि पाकीट जाड पुस्तकाखाली दाबून ठेवायचं, नाहीतर कागद वाकडा होतो.

आता दुसरी मागणी. तुझा फोटो काढून फोनवर पाठवला आणि तुला खणात ठेवलं, तर तुझं काम अर्धंच झालं. तू टपालानेच जायला हवंस. वजनाची धास्ती नको. २५० जीएसएमच्या कार्डशीटचं तू सुमारे ८ ग्रॅम भरतंस, ८० जीएसएम कागदाचं पाकीट साडेतीन ग्रॅम. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, म्हणजे हलव्याच्या चार दाण्यांना जागा आहेच. फक्त दाण्यांची पुडी डावीकडे तळाला ठेवावी, कारण शिक्का उजवीकडे वर, तिकिटावर बसतो. पत्त्याखाली पिनकोडचे सहा आकडे ठळक लिहावेत. ही पद्धत टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. सारख्या नावांची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांतून वाट काढायला ते सहा आकडेच कामी येतात.

पोचायला उशीर होईल, ही भीती तर तू मनातून काढूनच टाक. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देतात. एवढी सवड दुसऱ्या कुठल्या शुभेच्छेला मिळते? संक्रांतीच्या दिवशी सुचलं, दुसऱ्या दिवशी घडलं आणि तिसऱ्या दिवशी पेटीत पडलं, तरी तू वेळेवरच असशील. तेव्हा यंदा नीघ.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
एक जुनी मैत्रीण