कवळी

भूलशास्त्रात निवासी डॉक्टर असताना तिला सगळ्यात जास्त धास्ती होती ती दातांची. लॅरिंगोस्कोपचं पातं तोंडात घालायचं, जीभ डावीकडे सारायची, पातं पुढे-वर उचलायचं आणि स्वरयंत्र दिसलं की श्वासाची नळी आत. नवशिक्याचा हात मात्र हटकून वरच्या दातांचा टेकू घेतो. ‘दात सांभाळ!’ मागून सीनियर ओरडायचे. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या यादीत बोळक्या तोंडाचे आजोबा दिसले, की ती मनातून खूश व्हायची.

ही खुशी लवकरच ओसरली. नळी सोपी, पण नळीच्या आधी मास्क असतो. भूल दिली की श्वास थांबतो आणि नळी बसेपर्यंत चेहऱ्यावर मास्क दाबून, पिशवी पिळून ऑक्सिजन द्यावा लागतो. दात नसले की गाल आत बसतात, मास्कच्या कडेला आधार उरत नाही आणि रिंग सैल झालेल्या कुकरसारखी हवा चहूबाजूंनी फुसफुसते. पॅरिसमधल्या डॉक्टरांनी २००० साली १५०२ रुग्णांच्या अभ्यासातून मास्क अवघड जाण्याच्या पाच खुणा मांडल्या: ५५च्या पुढचं वय, दाढी, स्थूलपणा, घोरणं आणि दात नसणं. आपल्याकडच्या कितीतरी आजोबांमध्ये यातल्या तीन-चार सहज सापडतील!

त्यात हाताशी वेळही कमी. वय वाढतं तशा फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिका लवकर मिटू लागतात. साधारण पासष्टीनंतर तर उभ्या माणसाच्याही नेहमीच्या श्वासात त्या मिटतात. फुप्फुसातला ऑक्सिजनचा साठा अपुरा, म्हणून श्वास थांबला की त्याची पातळी झपाट्याने घसरते. आधी तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देण्याची घाई-गडबडीतही ती हयगय करत नाही, ते यामुळेच.

मग कवळीचं काय? ‘दागिने, कवळी काढून या’ हा वॉर्डातला ठरलेला मंत्र. तिचं मत हळूहळू बदललं. घट्ट बसणारी पूर्ण कवळी असेल तर मास्कचं काम संपेपर्यंत ती तोंडात राहू द्यावी आणि नळी घालण्याआधी काढावी. कवळी नसेलच तर मास्कची खालची कड ओठाच्या आत, हिरडीवर टेकवायची; गळती बरीच थांबते. दोन-तीन दातांची सुटी पट्टी मात्र आधीच बाहेर. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ७२ वर्षांच्या एका गृहस्थांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. पोटावरची गाठ काढायला गेले आणि शस्त्रक्रियेनंतर आठ दिवसांनी त्यांची कवळी घशात सापडली.

कवळीचं आणि भुलीचं नातं तसं जुनंच. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवणारा विल्यम मॉर्टन दंतवैद्य होता. कवळी नीट बसवायची तर जुन्या दातांची मुळं उपटावी लागत, आणि त्या वेदनेला भिऊन गिऱ्हाईक पळे. पुढे १९८१ मध्ये लंडनच्या आर्ची ब्रेन यांनी लॅरिंजियल मास्कचा पहिला नमुना केला, तोही दंतवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या गोल्डमन मास्कची फुगीर कड घेऊन. हा मास्क घशात, स्वरयंत्राभोवती बसतो. मान ताठलेल्या, डोकं मागे झुकतच नाही अशा म्हाताऱ्यांच्या छोट्या शस्त्रक्रियांत तिनं तो मनापासून वापरला. पोट रिकामं नसेल तर मात्र नळीच. उतारवयात घशाची राखण ढिली पडते आणि पोटातलं फुप्फुसात उतरायला वेळ लागत नाही.

जाग आली की माणसं पाण्याआधी कवळी मागतात. पण ही डॉक्टर ती लगेच देत नाही. स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा अंमल म्हाताऱ्या शरीरात रेंगाळतो. नळी काढण्याआधीच मनगटाला लावलेल्या यंत्रावर स्नायूच्या लागोपाठच्या चार झटक्यांतला चौथा पहिल्याच्या किमान ०.९ पट आलेला तिनं पाहिलेला असतो, तरीही पूर्ण शुद्ध, खणखणीत खोकला आणि घोट गिळणं तपासल्याशिवाय ती कवळीची डबी उघडत नाही. एका आजींनी तोवर चादरीचं टोक तोंडावर घट्ट धरून ठेवलं होतं. खोकून दाखवा म्हटल्यावर त्या चादरीआडून खेकसल्या, ‘खोकते गं, पण आधी त्याला पलीकडे तोंड करायला सांग.’ वॉर्डबॉय निमूट भिंतीकडे वळला.