कॅलामाझूचे हायस्कूल

आमचा भाचा अमेरिकेत, मिशिगन राज्यात असतो. तिकडील कॅलामाझू नामक लहानशा नगरीच्या सार्वजनिक हायस्कुलाची हकीकत त्याने सांगितली, तेव्हापासून ती मनातून जात नाही. म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हायस्कूल करांच्या पैशावर चालवावे की नाही, याविषयी तेथील काही करदात्यांनी पूर्वी फिर्याद लावली होती. प्राथमिक शाळा ठीक. परंतु इंग्रजीवाचून अन्य भाषा ही थोडक्यांची हौस, तिचा भार सर्वांवर कशाला, असे त्यांचे म्हणणे. 1874 साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती थॉमस कूली यांच्या लेखणीने, निकाल दिला की, मतदारांची संमती असल्यास अमुकच विद्या शिकवावी असे बंधन राज्याच्या कायद्यात कोठेही नाही. ‘संस्कृताचा उपयोग काय?’ हा प्रश्न आम्ही वर्गात दर वर्षी ऐकला असल्यामुळे कूलीसाहेबांविषयी आपुलकी वाटली, तर नवल नव्हे.

परंतु मनात घर करून राहिली ती गोष्ट पुढची. 2005 च्या नोव्हेंबरात तेथील शिक्षणमंडळाच्या सभेत जाहीर झाले की, नगरीच्या सार्वजनिक हायस्कुलांतून उत्तीर्ण होणाऱ्या मुलांची राज्यातील सार्वजनिक महाविद्यालयांची फी काही दाते भरतील. बालवर्गापासून तेथेच शिकलेल्याची पूर्ण, नववीपासून आलेल्याची शेकडा 65. दात्यांनी नावे मात्र सांगितली नाहीत. या योजनेस ‘कॅलामाझू प्रॉमिस’ म्हणतात. सर्वच मुले पदवीपर्यंत पोहोचतात असे नाही. तरी पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण वाढले, असे तेथील अपजॉन संस्थेच्या अभ्यासकांना आढळले. 2010 साली अध्यक्ष ओबामा कॅलामाझू सेंट्रल हायस्कुलाच्या पदवीदान समारंभास स्वतः आले होते.

आम्ही 1973 साली मॅट्रिकला बसलो, तेव्हा आमची पुस्तके व परीक्षेची फी एका धर्मादाय निधीने दिली. त्याबद्दल आम्ही आजही ऋणी आहोत. पण बक्षीस-समारंभात ‘गरीब व होतकरू’ म्हणून आमचे नाव पुकारण्यात आले आणि व्यासपीठावर जाऊन दात्यांच्या पाया पडावे लागले. वडील मागच्या बाकावर बसले होते. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. पुढे कॉलेजच्या खर्चासाठी त्याच निधीकडे अर्ज करावयाचा होता. आम्ही तो सुवाच्य अक्षरात भरून त्यांच्यापुढे ठेवला. उत्पन्नाच्या रकान्यापाशी त्यांची नजर थांबली, आणि त्यांनी सही न करताच कागद परत दिला. आमचे शिक्षण मॅट्रिकपाशी संपले. वडिलांवरचा राग आम्ही फार वर्षे बाळगला. आज ते नाहीत, म्हणून हे लिहिण्याचे धैर्य होते.

सर्व ऐकून झाल्यावर आम्ही भाच्यास इतकेच विचारले, “अरे, त्या मुलांना बापाचे उत्पन्न लिहून द्यावे लागते काय?”

“नाही मामा. उत्पन्नाची अट नाही, आणि हायस्कुलात किती गुण मिळाले तेही पाहत नाहीत. तिथे राहून तिथल्याच शाळेत किती वर्षे शिकला, एवढेच पाहतात.”

आम्ही ते त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतले.