सारसाचं घरटं



१ सप्टेंबरला आपण सृष्टीसाठी प्रार्थना करतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली हा दिवस आपल्या चर्चमध्ये आणला. गेल्या वर्षी त्या दिवसासाठी धर्मशिक्षणाच्या वर्गाचा फलक सजवायचा होता. इंटरनेटवरचं चित्र कशाला, असा विचार मी केला. आपल्या बेटम्यापासून यशवंत सागर काही लांब नाही. गंभीर नदीवरचा हा तलाव २०२२ पासून रामसर यादीत आहे आणि त्याच्या आसपास सारस राहतात. ऑगस्टमधल्या एका शनिवारी वर्गातली तीन मोठी मुलं आणि मोबाइल घेऊन मी निघाले.

पाणी साचलेल्या शेतात सारसाची जोडी दिसली. जवळजवळ माणसाच्या उंचीचे पक्षी, लाल माथा, राखाडी अंग. एक गवताच्या ढिगावर बसलेला होता. मोबाइलमध्ये तो ठिपक्याएवढा दिसायचा, म्हणून मी बांधावरून पुढे गेले, मग आणखी थोडी पुढे. मुलं मागोमाग होतीच. बसलेला पक्षी उठला आणि दोघंही मान ताणून मोठ्यानं ओरडू लागले. मला वाटलं, काय सुंदर पोज दिली! पाच-सहा फोटो काढले.

तेवढ्यात मागून शेतकरीदादांनी हाक मारली. तिथे अंडी आहेत, परत या, तुम्ही उभ्या आहात तोवर ते बसणार नाहीत. वरच्या बाभळीवर कावळे होते. ते मी पाहिलेच नव्हते.

सारस वर्षातून बहुधा दोनच अंडी घालतो. नर-मादी आळीपाळीनं महिनाभर ती उबवतात. उघडी पडलेली अंडी कावळ्याला चटकन दिसतात. नंतर घरी वाचलं, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणंही येतं. आयुष्यात कधी गलोलसुद्धा हातात न धरलेली मी, त्या रात्री बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात वाटेत सापडलेल्या घरट्याबद्दल आज्ञा आहे: पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेल्या आईला धरायचं नाही, तिला जाऊ द्यायचं. हा पाठ मी मुलांना कितीतरी वेळा शिकवला आहे. मोशेच्या काळी माणूस भुकेपोटी घरट्याशी जायचा. मी कशापोटी गेले होते? फलकासाठी. आणि खरं सांगायचं तर ‘फोटो कुणी काढला?’ असं कुणीतरी विचारावं म्हणूनही.

घरट्याचे फोटो मी पुसून टाकले. ते ग्रुपवर टाकले असते तर जागा कळून पुढच्या रविवारी आणखी दहाजण त्याच बांधावर आले असते. मुलांनाही ठिकाण सांगू नका म्हटलं. कबुलीसंस्काराच्या वेळी फादरांना हे सांगितलं, तेव्हा ते हसतील अशी धास्ती होती. ते हसले नाहीत.

त्या अंड्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. बघायला पुन्हा गेले नाही, जाणं बरंही नव्हतं.

फलकावर शेवटी रस्त्यावरून काढलेला पहिला फोटो लागला. भरपूर पाणी, भरपूर आभाळ आणि मधे दोन राखाडी ठिपके. मिस्सानंतर पहिलीतली एक मुलगी बराच वेळ त्यापुढे उभी होती. ‘टीचर, पक्षी कुठे आहेत?’ तिनं विचारलं. वर्गातला मोठा मुलगा पुढे झाला आणि बोट ठेवून म्हणाला, ‘हे बघ. ते घरी आहेत.’