रकान्याशेजारची चिठ्ठी

१.
चितेगाव, सेवा केंद्र. संगणकाच्या पडद्याला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली: 'पाचवा शून्य, ओ नाही.' आयएफएससी कोड ११ अक्षरांचा, त्यातली पाचवी जागा कायम शून्याची. पासबुकावरच्या पुसट छपाईत शून्य आणि ओ सारखेच दिसतात. हेच चार शब्द फॉर्ममध्ये त्या रकान्याखाली असते, तर चिठ्ठी लागली नसती.

२.
रकान्यातली फिकट सूचना पहिलं अक्षर टाइप करताच पुसली जाते. गरज तर तिथून पुढेच असते.

३.
एका संकेतस्थळावर 'मदत' दाबलं. ४० पानांची पीडीएफ उघडली. परत आलो तर भरलेला फॉर्म कोरा.

४.
सातबारा काढायला आलेले काका. पडद्यावर 'सर्व्हे नंबर / गट नंबर'. हातातल्या जुन्या उताऱ्यावर 'भूमापन क्रमांक'. काका म्हणाले, "आमचा गट कोणता, ते यात कुठं लिहिलंय?" केंद्रातल्या ताईंनी उताऱ्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. काम झालं. रकान्याशेजारी उताऱ्याचं छोटं चित्र द्यावं आणि त्या जागेभोवती लाल गोल काढावा. ताईंचं बोट म्हणजे तेवढंच.

५.
चितेगावचं रोजचं येणं-जाणं संभाजीनगरला, तालुका मात्र पैठण. यादीत तालुका चुकला की गावच सापडत नाही. 'सातबाऱ्यावर लिहिलेला तालुका निवडा' एवढं तिथं हवं. नुसतं गावाचं नाव पुरत नाही; चितेगाव निफाड तालुक्यातही आहे.

६.
माउस नेला की टीप दिसते. इथं सगळ्यांच्या हातात मोबाइल. प्रश्नचिन्ह बोटानं दाबता येईल एवढं मोठं ठेवा.

७.
पैठण रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड. गाव आणि अंतर. हवं त्यानं वाचावं, गाडी थांबत नाही. फॉर्ममधली मदतही अशीच हवी.

८.
'अवैध नोंद.' काय अवैध? 'मोबाइल नंबरात एक आकडा कमी आहे' असं म्हटलं की माणूस स्वतः दुरुस्त करतो.

९.
वेबसाठीच्या जागतिक सुलभता निकषांत जागच्या जागी मदतीचा निकष आहे, क्रमांक ३.३.५. तो 'एएए' या सर्वांत वरच्या पायरीवर ठेवलाय, म्हणजे बहुतेक जण तिथवर जातच नाहीत. सरकारी फॉर्मसाठी तो पहिल्या पायरीवर हवा.

१०.
फॉर्म बनवणाऱ्यांना विनंती: एक सकाळ अशा केंद्रात बसा. पडद्याभोवतीच्या चिठ्ठ्या उतरवून घ्या आणि ज्या त्या रकान्याखाली छापा.