आंबिलीची बिंदगी

दुसऱ्याचे दुःख पाहिले म्हणजे आपल्या सुखाचे मोल कळते, असे म्हणण्याचा सुशिक्षितांत एक संप्रदायच आहे. आणि 1994 च्या जानेवारीत, सोलापूरहून निघालेल्या एका मालमोटारीत ब्लँकेटांच्या गठ्ठ्यांवर बसून मी तेरणेच्या खोऱ्याकडे चाललो होतो, तेव्हा माझ्याही मनात, सांगायला संकोच वाटतो, अशीच एक हिशेबी कृतज्ञता आगाऊच तयार होऊन बसली होती.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चाराला चार मिनिटे कमी असताना, गणपती बोळवून निजलेल्या किल्लारी-सास्तूरच्या परिसरावर जो प्रलय कोसळला, त्याची वर्णने वृत्तपत्रांतून मी पुष्कळ वाचली होती. पण भूकंपाच्या नकाशात तेव्हा सर्वांत निर्धोक पट्ट्यात मोडणाऱ्या त्या भूमीवर हजारो माणसांचे प्राण घेतले ते धरणीने नव्हे, तर घरांनी, हे तेथील ढिगाऱ्यांपुढे उभे राहिल्यावरच उमगले. मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती, आणि उन्हाच्या काहिलीपासून रक्षण व्हावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माती चढवून जड होत गेलेले माळवद! ज्या जाडीवर घराण्याची प्रतिष्ठा मोजली जाई, तीच जाडी निजलेल्यांच्या उरावर आली. आणि माळवदाची ऐपत नसलेले, कुडाच्या खोपटांत राहणारे कितीतरी जीव केवळ दारिद्र्याच्या कृपेने वाचले.

वाचलेल्यांची वस्ती पत्र्याच्या शेडांत होती. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली गेली. पण तोवर पंचनामे, दाखले, याद्या आणि अंगठे यांचेच तेथे राज्य होते. मोटार दिसताच माणसे आपण होऊन रांग धरतात, असे मला सांगण्यात आले होते. त्या दिवशी मात्र शेडांतून चिटपाखरू नव्हते. दान घेऊन आलेल्या माणसाला घेणाराच सापडू नये, यासारखी केविलवाणी अवस्था नाही! शेवटी एका म्हाताऱ्या कोतवालाने खुलासा केला, “येळवस हाय आज. समदी रानात गेलीत.”

वेळ अमावस्या हा त्या मुलखाचा रानातला सण. यादी आणि शाईची डबी काखोटीला मारून मी बांधाबांधाने निघालो. धरणी हादरली त्या पहाटेनंतर त्याच धरणीतून शाळू छातीइतका वाढला होता, हरभरा घाट्यांवर आला होता, आणि कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या एका कोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्याने रंगवून मांडले होते. ते कोठले, असे विचारण्याचा अविचार मी केला. “घरचेच,” एवढेच म्हणून त्या घरची म्हातारी वळली आणि बिंदगीतली, त्या लहानशा मडक्यातली, आंबील पळसाच्या डहाळीने पिकावर शिंपडीत निघाली. तिच्यामागून दोन नातवंडे कानडी वळणाची आरोळी देत धावत होती. त्यांच्या आईबापांविषयी मी विचारले नाही. माझ्या यादीत त्यासाठी एक स्वतंत्र रकाना होता.

ज्या मातीने होते-नव्हते ते हिरावले, तिलाच आधी घास भरवायचा, याचे मर्म विचारावे असे फार वाटत होते. पण म्हातारीला निराळीच विवंचना होती. आंबील पातळ झाली होती. म्हैस ढिगाऱ्यात गेली, ताक उसने आणावे लागले, भज्जीत शेंगदाणे बेताचेच पडले, अशी आपली कैफियत ती लाजून मांडीत होती. आणि काखेतली यादी लपवावी तरी कोठे, हे मला कळेना.

“बसा की बाबा. येळवसीला रानातून उपाशी जाऊ न्हाई.”

मी बसलो. बाजरीचा उंडा भज्जीत कुस्करला. आंबिलीची पहिली वाटी संकोचाने घेतली, दुसरी चवीने आणि तिसरी मागून घेतली. घेणे हे किती अवघड काम आहे, आणि गेले तीन महिने ही माणसे ते रोज, रांगेत उभी राहून, मान ताठ ठेवून करीत आली आहेत, हा विचार त्या तिसऱ्या वाटीबरोबर गळ्यात थोडा अडकला.

जेवण आटोपल्यावर कर्तव्याची आठवण होऊन मी यादी उघडली आणि डबी पुढे केली. म्हातारीने सरावाने अंगठा उठवला, पदराला पुसला, मग डबी हळूच माझ्याकडे सरकवीत म्हणाली, “आन् तुमचा? तीन वाट्या आंबील घेतलीया की.”

सारी कोप हसली. माझ्या अंगठ्याला अजून भज्जी लागलेली होती.